गुळावर दिलेलं मत

परवा आमच्या नव्या वस्तीवर पुन्हा भोंगा लावलेली जीप येऊन गेली. बासष्टचं इलेक्शन आलं ना. जीप गेल्यावर चार जण माझ्यापाशी आले अन् म्हणाले, कारभारी, कोणता उमेदवार चांगला बोलते ते सांगा. मी म्हटलं, मले विचारू नका बाप्पा. ते हासले. त्याइले वाटलं मी भाव खाऊन राह्यलो.

मी लखीराम, तांड्याचा कारभारी. नायकाच्या खालोखाल माझंच तोंड चालते, अन् ते चांगलं चालते असं माझे दुश्मन बी कबूल करतात. सोयरीक असो की दोन भावाइचं धुऱ्यावरचं भांडण असो, नसाब बसली, म्हणजे आमच्या तांड्याची पंचायत बसली, की नायक डोंगरसिंग मिशीवर हात फिरवून माझ्याकडं पाह्यत अन् मी उभा राह्यत असो. म्हणून सत्तावन साली कोण उमेदवार कसा बोलते, कोणाचा वादा खरा अन् कोणाचा खोटा, हे पारखाचं काम माझ्याकडं आलं. पारखलं मी. त्या पारखीपायी अडतीस घरं उठली, अन् एक बाई मांगं राह्यली.

तेव्हा आमचा तांडा मुकुटबनच्या पुढं, झरीच्या वाटेनं, सागाच्या जंगलाले लागून होता. आमचे आजे-पणजे बैलाइवर मीठ अन् धान लादून मुलुखभर फिरत. रेल्वे आली, तो धंदा बसला, अन् जिथं बैल थकले तिथं आमी बी बसलो. वावरं कोणी ठेक्यानं केली, कोणी इकत घेतली, पण घरं ज्या जमिनीवर होती ते जमीन कोणाची हे कोणी विचारलंच नव्हतं. मग एक दिवस जंगलचा साहेब आला, साखळी टाकली, झाडाइले चुन्याचे पट्टे मारले अन् म्हणाला, हे सारं सरकारी जंगल हाये, तुमी इथं कोण? त्या दिवसापासून तांड्याले एकच घोर लागला. घरं राह्यतात का जातात.

अशात इलेक्शन आलं. सहा जण उभे होते. एक जण जीपमधून खाली उतरलाच नाही. इंजिन चालू, अन् तो वरूनच हात जोडून राह्यला. मांगून समजलं की गाडी बंद केली असती तं पुन्हा चालू झाली नसती. जो आपली गाडी चालू करू शकत नाही तो आमचं काय चालू करंल, असं मी म्हटलं अन् तांडा हासला. दुसरा आला, तो इतकं शुद्ध बोलला की नायकानं मले कानात विचारलं, हा कोणत्या मुलुखाचा? तिसऱ्यानं शाळा, दवाखाना, सडक, वीज सारं देतो म्हटलं, अन् जाताना मुकुटबनचा रस्ता कोणता ते आमालेच विचारलं.

मग किसनराव आले. ऊंच गडी, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा. जीप तांड्याभाईर ठेवली, पायी चालत आले, नायकाच्या पाया पडले. अन् भाषणाच्या सुरवातीलेच आमच्या बोलीत "याडी, बापू" म्हणाले. आई, बाप. एक कोर, म्हणजे आमच्या जातीभाईरचा माणूस, अन् आमची बोली बोलून राह्यला. बस, मी पाघळलो. दोनच शब्द होते. पुढचं सारं मराठीत होतं. पण पाघळणाऱ्याले दोन लय झाले.

अन् काय बोलले तुमाले सांगू. आवाज आधी खाली ठेवला, म्हाताऱ्या माणसाइले कान पुढं करा लागले. मग हळूहळू चढवला. "ज्याइनं या देशाले मीठ खाऊ घातलं त्याइच्या घरावर चुना मारता?" म्हणाले अन् थांबले. असे थांबले की टाळी पडलीच पायजे. मी सोता सोयरिका जमोल्या हायेत, कुठं थांबावं ते मले समजते. हा माणूस माझा गुरू होता. मग त्याइनं पंच्यानं डोळे पुसले अन् सांगतलं, "निवडून आलो की तिसऱ्या दिवशी जमिनीचे पट्टे आणतो. माझ्या हातानं, या ओट्यावर, घरोघरचे पट्टे."

नायकानं माझ्याकडं पाह्यलं. मी मान हालोली. नायकानं गूळ आणाले सांगतलं.

आता हे गुळाचं समजून घ्या. आमच्यात सोयरीक ठरली की नसाबीत गूळ वाटतात. दोन्ही घरच्या माणसाइच्या तोंडात गूळ गेला की गोठ पक्की. त्याच्यानंतर पोरीचा बाप दुसऱ्या दारात स्थळ पाहाले गेला तं नसाब त्याले उभं करते, अन् मग त्याले तांड्यात मान वर करून चालता येत नाही. सही नाही, शिक्का नाही, पण गुळावर ठरलेली गोठ आमच्यात आजवर मोडली नव्हती. नायकानं किसनरावले गुळाचा खडा देल्ला, सोता खाल्ला, मी खाल्ला, नसाबीतल्या साऱ्या माणसाइनं खाल्ला. किसनरावनं तं आणखी एक खडा मागून घेतला. म्हणाले, गळ्याले बरं राह्यते, आज आणखी चार सभा हायेत.

हा कायचा गूळ हाये, ते आमी त्याले सांगतलं नाही. सांगाचं काय त्यात? आमच्यात लेकराले बी मालूम राह्यते. इतका शहाणा माणूस, आमची बोली बोलणारा, त्याले नाही मालूम असं आमच्या डोक्यातच आलं नाही. बह्याड आमी.

पाचवा तांड्यात आलाच नाही. चार दिवसांनी सहावा आला. घनश्याम अर्जनवीस. तालुक्याच्या कचेरीभाईर निंबाखाली बसून लोकाइचे अर्ज लिहून देणारा माणूस. सायकल पंक्चर झाली होती, ते ढकलत आणली. चश्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधली होती, खिशावर शाईचा डाग. तो उभा राह्यला, खिशातून कागद काढला अन् वाचाले लागला. आवाज असा की समोरच्याच ओळीले ऐकू यावा, अन् त्याइनं बी जांभया देऊन राह्यल्या होत्या.

"मी निवडून येईन असं मला वाटत नाही," हे त्याचं पह्यलं वाक्य. सांगा, असं कोणी बोलते का? पुढं म्हणे, "तुमच्या तांड्याची जागा दप्तरात जंगल म्हणून लागलेली आहे. दहा वर्षांपासून राहता याचा पुरावा असेल तर एकतीस मेच्या आत अर्ज देता येतो. घरोघर वेगळा अर्ज लागेल. जुनी चराईची पावती असेल तर ती चालते. मी लिहून देईन. निवडून आलो तरी देईन, पडलो तरी देईन. पट्टा मिळेलच असं मी सांगू शकत नाही. अर्ज केला नाही तर मिळणार नाही, एवढं सांगू शकतो." मग खोकलला, कागदाची घडी केली अन् खाली बसला. भाषण संपलं हे बी लोकाइले समजलं नाही.

नायकानं त्याले चहा पाजला. गूळ नाही देल्ला. एक पोरगी दोन घरी देतात का? सायकल ढकलत तो गेला, अन् मी तिथंच उभं राहून त्याची नक्कल केली. कागद धरला, खोकललो, "मी निवडून येईन असं मला वाटत नाही." तांडा लोटपोट झाला. पुढं आठ दिवस लोक माझ्याकडून ते नक्कल करून घेत होते, अन् मी बी मोठ्या हौशीनं करत होतो.

भिंतीआड बाया बसून ऐकत होत्या. त्यात लाली होती, माझ्या धाकट्या भावाची, भावसिंगची, बायको. भावसिंग चौपन साली तापानं गेला. लेकरू नाही, वावर नाही. त्याच्यामांगं तिनं सोता माती कालवून घर उभं केलं, कुडाले कुड लावला, वर कवेलू चढोले. दुसऱ्याच्या वावरात निंदण-येचणी करून ते त्याच घरात राह्यत होती. त्या घराबगर तिच्यापाशी काहीच नव्हतं. मी तिचा भासरा. भासऱ्यापुढं आमच्या बाया घुंगटो घेतात, तोंड फिरवून बोलतात. म्हणून तिनं माझ्या बायकोच्या, मोतीबाईच्या तोंडून मले विचारलं, तो अर्जनवीस कोणती तारीख म्हणाला? मी म्हटलं, तारीख ध्यानात ठेवून का करते, तो पडणार हाये.

मतदान झालं. तेव्हा हरेक उमेदवाराची पेटी वेगळी राह्यत असे, वरून निशाणीचं चित्र चिकटवलेलं. किसनरावची शिडी होती, अर्जनवीसची सायकल. तांडाच्या तांडा गेला अन् शिडीच्या पेटीत कागद टाकून आला. अर्जनवीस पडला, पडणारच होता. किसनराव निवडून आले. आमी रातभर लेंगी, आमची होळीची गाणी, गायलो, नाचलो.

तिसऱ्या दिवशी नायकानं ओटा सारवून घेतला. मी तुमाले खोटं नाही सांगत, बायाइनं सारा रस्ता झाडला. किसनराव तिसऱ्या दिवशी पट्टे आणणार होते ना. आमी डोक्याले पागोटे बांधून दिवसभर बसलो. चौथ्या दिवशी बी बसलो. पाचव्या दिवशी मी म्हटलं, मोठा माणूस हाये, उशीर होतेच.

महिन्यानं मी सोता त्याइच्या घरी गेलतो. मले पाहून ते ओसरीवर आले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "लखीरामजी, तुमचा तांडा माझ्या काळजात आहे. मी जेवायला बसलो की तुमची आठवण येते." अशी पाव घंटा गोठ केली की माझे डोळे भरून आले. परत येताना मुकुटबन मांगं टाकलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पट्ट्याबद्दल तो माणूस एक शब्द बोलला नव्हता. पण तांड्यात येऊन मी काय सांगतलं असंल? सांगतलं, काम होऊन राह्यलं.

मे लागला. लालीनं मोतीबाईच्या तोंडून पुन्हा विचारलं, तारीख जवळ आली, अर्ज कधी देणार? या वेळेस तिनं तो सवाल चार घरी पुसला होता, अन् चार माणसं नायकाकडं गेली होती. नसाब बसली. डोंगरसिंग नायक म्हणाले, "किसनरावसंगं आपण गूळ खाल्ला. आता तोच सवाल घेऊन दुसऱ्याच्या दारात गेलो तं आपली जबान काय राह्यली?" मी उठलो अन् नायकाची री ओढली. म्हटलं, त्या खोकलणाऱ्या माणसापाशी जाल? ज्याले आपणच निवडून येऊ का ते सांगता येत नाही तो तुमाले पट्टा देईल? लोक हासले. हासू आलं की माणूस भेत नाही, ते मले मालूम होतं. नसाबीनं ठरोलं, अर्जनवीसकडं कोणी जायचं नाही.

लाली गेली. एकोणतीस मेले पहाटे निघाली, मुकुटबनपावत पायी, तिथून मोटरनं तालुक्याले. भावसिंगच्या पेटीत चराईची जुनी पावती होती, ते घेऊन गेली. अर्जनवीसनं अर्ज लिहून देल्ला, तिचा आंगठा घेतला, संगं कचेरीत गेला अन् पोच आणून तिच्या हातात ठेवली. संध्याकाळी ते परत आली तं साऱ्या तांड्याले मालूम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नसाबीनं तिले उभं केलं. घुंगटो ओढून, आमच्याकडं पाठ करून उभी राह्यली. नायक म्हणाले, तू तांड्याची जबान मोडली. ते म्हणाली, "गूळ मी खाल्ला नाही. बायाइले नसाबीत बसू देत नाही तुमी. आमी भिंतीआड होतो, भिंतीआड कोणी खडा आणून देल्ला नाही. जबान माणसाइनं देल्ली, माणसाइनं पाळावी. माह्या घराची जबान मी कोणाले देल्ली नाही."

आमच्याच रीतीनं तिनं आमाले बांधलं होतं. नायक माझ्याकडं पाहून राह्यले. जवाब नाही तं माणसानं काय करावं? मी भाषण केलं. आवाज खाली ठेवला, मग चढोला. तांडा म्हणजे काय, बापदादाइनं कसे बैल हाकले, एका जबानीवर कशी माणसं जगली, सारं बोललो. अन् जिथं थांबाचं तिथं थांबलो. लोकाइनं माना हालोल्या. मग ठरलं, तिले तांड्याभाईर करावं. तिच्या दारात कोणी जायचं नाही, तिच्या चुलीले इस्तू द्यायचा नाही, तिच्यासंगं बोलाचं नाही. शिक्षा मीच सुनावली. माझ्या भावाची बायको होती.

दोन वर्सं गेली. इहिरीवर लाली आली की बाया बाजूले होत. होळीत तिच्या दारापुढं लेंगी थांबली नाही. ते कामाले कुंभारखेड्याच्या वावरात जाये अन् सांजेले येऊन आपल्या घरात बसे. मी तिच्या घरावरून जात असो तं मान दुसरीकडं फिरवत असो. लाजेनं नव्हे. तेव्हा लाज वाटत नव्हती मले.

एकोणसाठ साली जंगलखात्याची माणसं यादी घेऊन आली. साहेबानं नावं वाचली. अडतीस घरं. पंधरा दिवसांत उठाचं. मग म्हणाला, "लालीबाई भावसिंग कोण? तुमचा पट्टा आहे. तुमचं घर राहू द्या."

नायक अन् मी किसनरावकडं धावलो. त्याइनं सारं ऐकलं, मग कपाळाले आठ्या पाडून म्हणाले, "अर्ज केले होते का? नाही? अरे, मग मी काय करू शकतो आता? वेळेवर सांगायचं होतं मला." डोंगरसिंग नायक, सत्तर वर्साचा माणूस, हात जोडून उभे होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, तुमी आमच्या ओट्यावर गूळ खाल्ला होता." किसनराव विचारात पडले. त्याइले खरंच आठवत नव्हतं. ढोंग नव्हतं ते, ढोंग मले ओळखू येते. "कोणता गूळ?" म्हणाले. "गावोगाव लोक काहीतरी खायला देतातच." भाईर आल्यावर नायक रस्त्याच्या कडेले बसले. मी त्याइले पाणी आणून देल्लं. किसनरावची मले चीड येत नव्हती. मले आठवून राह्यलं होतं, मान मी हालोली होती.

तीन कोसावर बबनराव पाटलानं एक खडकाळ तुकडा राहाले देल्ला. उठाच्या दिवशी सकाळी गाड्या भरल्या, कवेलू उतरोले, कुडाचे पाखे सोडले. नायक मले म्हणाले, "लालीले घेऊन चाल. बाईले जंगलात एकटी सोडून तांडा जाऊ शकत नाही. शिक्षा उठोली म्हणून सांग."

मी गेलो. ते भाईरची भिंत लिपून राह्यली होती. मले पाहून घुंगटो ओढला, तोंड फिरोलं. मी दुरून सांगतलं, "तांड्यानं तुले माफ केलं. चाल आमच्यासंगं."

मग ते उठली, घुंगटो मांगं टाकला अन् सरळ माझ्याकडं पाह्यलं. पंधरा वर्सांत मी माझ्या भावजयीचं तोंड पुरं पाह्यलं नव्हतं. केस पांढरे झाले होते.

"माफ कोणी कोणाले करायचं, कारभारी?" ते म्हणाली. "मी येतो. हे घर सोडून येतो, पट्टा इथंच फेकून येतो. मले घर घेऊन का करायचं हाये, शेजारी कोणी नाही तं? पण तुमी तिथं गाड्यापाशी उभे राहा अन् साऱ्याइच्या समोर सांगा, लालीचं बरोबर होतं, माझं चुकलं. एवढं एकच सांगा."

मी म्हटलं, सांगतो. मनापासून म्हटलं.

गाड्यापाशी आलो. सारा तांडा उभा होता. ते आपल्या भिंतीपाशी उभी, चाळीस पावलांवर, घुंगटो नाही घेतला. मी एका गाडीच्या दांडीवर चढलो अन् तोंड उघडलं. पह्यलं वाक्य निघालं, "भावाइनो, आज आपण बापदादाइची जागा सोडून राह्यलो." मले वाटलं, इथून सुरू करावं, मग त्या गोठीवर यावं. मग बैलाइचं बोललो. मग मिठाचं. मग या मातीत पुरलेल्या आपल्या माणसाइचं, भावसिंगचं. आवाज खाली नेला, वर आणला. म्हाताऱ्या बाया रडाले लागल्या, माझे बी डोळे वाहत होते. एकदा ते वाक्य जिभेवर आलतं. तेवढ्यात लोकाइनं टाळी वाजोली, अन् त्या टाळीत मी पुढच्या गोठीवर गेलो. तांडा एक हाये, एक राह्यील, असं म्हणून मी हात जोडले अन् खाली उतरलो.

लालीनं पुरं ऐकलं. मग तिनं घुंगटो तोंडावर ओढला, खाली बसली, अन् मातीत हात घालून भिंत लिपाले लागली.

गाड्या निघाल्या. नायक माझ्या बाजूले बसले होते. मग त्याइनं माझ्या पाठीवर हात ठेवला अन् म्हणाले, "चांगला बोलला, लखीराम."